चौकटीत थांबलेले बाबा

आमच्या स्टेशनच्या पुलाच्या तोंडाशी मेटल डिटेक्टरची एक चौकट उभी आहे. भिंत नाही, दार नाही, नुसती चौकट. दोन्ही बाजूंना माणूस सहज जाईल एवढी जागा मोकळी, त्यामुळे घाईतले लोक तिला वळसा घालतात आणि गर्दीने ढकललेले तिच्यातून जातात. ती सगळ्यांनाच वाजते. स्टीलचा डबा, किल्ल्या, छत्री, पट्ट्याचं बक्कल, कशालाही. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. पांढरा लेंगा, सदरा, डोक्यावर टोपी, हातात वायरची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा मेथीचा जुडगा. ते चौकटीत शिरले, बीप वाजला, लाल दिवा लागला आणि ते जागच्या जागी थांबले. पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात आडवे पसरले आणि तपासणी होण्याची वाट बघत उभे राहिले. तपासायला कोणी नव्हतं. चौकटीशेजारी एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्या पाठीवर ओला पंचा वाळत घातलेला. मागून गर्दीचा रेटा आला. "ओ बाबा, चला की पुढं!" "अहो, ते वाजतंच सगळ्यांना, जावा तुम्ही." बाबा गोंधळून म्हणाले, "पन कोनी आलं न्हाई अजून." लोक हसले, मीही हसले. कोणीतरी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि ते पायऱ्या चढून गेले.

गाडीत बसायला जागा मिळाली तरी ते हात पसरलेले बाबा डोळ्यांपुढून हलेनात. अख्ख्या स्टेशनात त्या चौकटीवर विश्वास असलेला तो एकच माणूस होता.

नोकरी करता करता संध्याकाळच्या कॉलेजात कायद्याची पदवी घेतली, तेव्हा गुन्हेगारीशास्त्राचा एक पेपर होता. शिकवणारे सर निवृत्तीला आलेले, खडूने बोटं पांढरी, आवाज इतका बारीक की मागच्या बाकांवर पंख्याचीच घरघर जास्त. एकदा त्यांनी फळ्यावर मोठा त्रिकोण काढला. १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलेली गोष्ट होती ती. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी, एका ठिकाणी याव्या लागतात : गुन्हा करायला तयार माणूस, त्याला सोयीचं लक्ष्य, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. अमेरिकेत गरिबी घटत होती तरी घरफोड्या वाढत होत्या, हे कोडं त्यांनी असं सोडवलं की बायका नोकरीला जायला लागल्या, दिवसा घरं ओस पडू लागली आणि टीव्हीसारख्या वस्तू एका माणसाला उचलता येतील इतक्या हलक्या झाल्या. माणसं आधीपेक्षा वाईट झाली, असं त्यात कुठेच नव्हतं. मला तेव्हा हे फार कोरडं वाटलं. चोराच्या पोटात शिरायचं सोडून हे टीव्हीचं वजन करत बसलेत! सर मात्र म्हणाले, पोटात शिरून आजवर कोणाच्या हाती काही लागलेलं नाही, कुलपाकडे बघा.

दहशतवादाचा विषय बराच काळ राजकारणाच्या आणि संरक्षणाच्या अभ्यासकांकडेच होता. गुन्हेगारीचे अभ्यासक त्यात उशिरा आले, खऱ्या अर्थाने २००१ नंतरच. त्यांचं म्हणणं साधं होतं. बॉम्ब ठेवणाऱ्यालाही घर भाड्याने घ्यावं लागतं, गाडी मिळवावी लागते, पैसे हलवावे लागतात, सामान कुठून तरी आणावं लागतं, आणि या प्रत्येक पायरीवर तो साध्या गुन्हेगारासारखाच वागतो. विचारसरणीशी झगडा चालू ठेवा, पण दरम्यान या पायऱ्या मोडा. रोनाल्ड क्लार्क आणि ग्रेम न्यूमन या दोघा अभ्यासकांनी २००६ मध्ये हे सविस्तर मांडलं. त्याच २००६ च्या जुलैत आमच्या मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले.

पण माझ्या मनात या सगळ्याची सुरुवात त्याच्याही आधी होते. १२ मार्च १९९३, शुक्रवार. मी शाळेत होते, माझे बाबा फोर्टला कामाला होते. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि मग दोन तास शहरभर एकामागून एक होत राहिले. एअर इंडियाची इमारत, वरळी, झवेरी बाजार, प्लाझा. २५७ माणसं गेली. बाबा रात्री उशिरा घरी पोचले. काही बोलले नाहीत, हातपाय धुवायला मोरीत गेले आणि आईने त्यांची चप्पल उचलली तर रबरी तळव्यात काचेचा एक तुकडा रुतलेला. आईने तो चिमट्याने काढला, कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात न टाकता फळीवर ठेवून दिला. का ठेवला, तिलाही सांगता आलं नसतं. दिवाळीच्या साफसफाईत गेला असणार.

आईचं माहेर रायगडच्या किनाऱ्याकडचं. पुढे खटल्याच्या बातम्यांत शेखाडी, दिघी, म्हसळा ही नावं यायला लागली तेव्हा घरात एक विचित्र शांतता पसरली, कारण ही आमच्या मे महिन्याच्या सुटीतली नावं होती. फणस, उकडे तांदूळ, एसटीतली ओकारी, आणि रात्री ओटीवर झोपलेलं असताना मामा-आजोबांच्या गप्पांत येणारा 'माल उतरला' हा शब्दप्रयोग. सोन्या-चांदीच्या आयातीवर निर्बंध होते त्या काळात या किनाऱ्यावर चांदी, घड्याळं, कापड उतरत असे, ही गोष्ट तिथे कोणी लपवतही नसे आणि फार मोठ्याने बोलतही नसे. रात्रीची डोक्यावरची हमाली, मजुरी रोख आणि दिवसाच्या कामापेक्षा चांगली. कोणाच्या शेताचं नुकसान नाही, कोणाच्या घरात चोरी नाही. सरकारचा कर बुडतो म्हणे, बुडू दे. मामाच्या भाषेत सांगायचं तर, "सरकारनं आपल्याला रस्ता तरी कुठं दिलाय?"

त्याच वाटेने १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. नवी वाट शोधायची गरजच पडली नाही. बोटी त्याच, तांडेल तेच, ट्रक तेच, मजूर तेच आणि डोळे मिटून घेणारे अधिकारीही तेच. दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या होत्या, हे महत्त्वाचं. त्रिकोणाची तिसरी बाजू तिथे हजर होती, गणवेशात, रस्त्याच्या मध्ये उभी. मग लाचेची रक्कम ठरली, तेवढी रोख हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या पुढे गेल्या. हे ऐकीव नाही, न्यायालयात सिद्ध झालेलं आहे. कस्टमच्या आणि पोलिसांच्या माणसांना त्यात शिक्षा झाल्या. त्या रात्री फाट्यावर उभ्या असलेल्यांना गाड्यांमध्ये नेमकं काय आहे याची कल्पना होती की नाही, यावर वकिलांनी वर्षानुवर्षं वाद घातले. मला त्यातली भीषण गोष्ट वेगळीच वाटते. त्यांना कल्पना असायची गरजच नव्हती. नेहमीचीच चांदी समजून सोडलं असेल तरी परिणाम तोच. कुंपणाने शेत खायची सवय आधीच लावून घेतली होती.

इतकी वर्षं आम्ही 'सीमेपलीकडून कट' असं म्हणत आलो. ते खरंच आहे. पण पलीकडून आलेली गोष्ट अलीकडे उतरवून घेणारी यंत्रणा आमची, घरची, जुनी आणि मुरलेली होती.

त्याच मार्च महिन्यात, मुंबईनंतर आठच दिवसांनी, इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना हटवू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेने, बाजाराच्या रस्त्यावरच्या कचरापेट्यांत बॉम्ब ठेवले आणि दोन लहान मुलं मेली. त्याच्या दोन वर्षं आधी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातही कचरापेटीतच स्फोट झाला होता. लंडनच्या स्टेशनांतून कचरापेट्या काढून टाकल्या गेल्या त्या या काळात. लोक चहाचे रिकामे कप हातात घेऊन फिरू लागले. ही युक्ती त्या पंख्याखालच्या सरांना फार आवडली असती. पण ऐकणारा लगेच विचारतो : मग तो बॉम्ब दुसरीकडे ठेवेल की! वाट अडवली तर पाणी दुसरीकडून जाणारच.

नेहमीच जातं असं नाही, आणि हे मला पटायला पुण्यातल्या माणसाला हेल्मेट पटायला लागतो तेवढा वेळ लागला. खरं तर उदाहरण हेल्मेटचंच आहे. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट नसेल तर जागेवर दंड सुरू झाला, आणि मोटारसायकलींच्या चोऱ्या सहा वर्षांत दीड लाखांवरून पन्नास-पंचावन्न हजारांवर आल्या. उभी दिसली म्हणून गाडी पळवणाऱ्याकडे त्या क्षणी हेल्मेट नसे आणि बिनहेल्मेटचा तो चौकातच पकडला जाई. गंमत म्हणजे त्या चोरांनी मोर्चा कारकडे वा सायकलींकडे त्या प्रमाणात वळवला नाही. बहुतेकांनी नाद सोडला. अमेरिकेत १९७३ पासून विमानतळांवर सर्व प्रवाशांची तपासणी सुरू झाली तेव्हा विमान-अपहरणंही अशीच झपाट्याने उतरली. आपल्याकडे अमोनियम नायट्रेट हे खत आणि खाणीतलं सामान म्हणून सहज मिळायचं. त्याला स्फोटक ठरवून त्याच्या साठ्याचे, वाहतुकीचे, विक्रीचे नियम आले ते २०१२ मध्ये. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणावंसं वाटतं. पण गोठ्यात बाकीचे बैल आहेत, तेव्हा झोपा करायलाच हवा.

क्लार्क आणि न्यूमन यांनी लक्ष्य कसं निवडलं जातं यासाठी आठ कसोट्या दिल्या आहेत. ती जागा उघड्यावर आहे का, शहराचं तिच्यावाचून अडतं का, ती ओळखीची खूण आहे का, तिच्यावरचा हल्ला त्यांच्या समर्थकांना योग्य वाटेल का, ती मोडता येते का, तिथे माणसं असतात का, ती जवळ आहे का, सोपी आहे का. ते म्हणतात, हल्लेखोराच्या नजरेने बघायला शिका. मी शिकले, आणि काही दिवस माझं शहर माझ्यासाठी नासलं. मंडई, देवळाची रांग, शाळेचं गॅदरिंग, जिथे जावं तिथे डोकं आठ प्रश्न विचारायला लागलं. मुलीचा हात धरून फुलबाजारातून जाताना झेंडूचे ढीग दिसायच्या आधी बाहेर पडायचे रस्ते दिसू लागले. पोलिसांतली, सुरक्षेतली माणसं हे डोळे घेऊन आयुष्यभर कशी राहत असतील? कदाचित म्हणूनच खुर्चीवर पंचा वाळत घालून ती चहाला जात असतील. त्यांच्याबद्दल मला त्या दिवशी वाटलेला राग इथे थोडा सैल झाला.

आणि त्रिकोणाच्या पहिल्या बाजूचं काय? गुन्हा करायला तयार माणूस. या मांडणीत तो गृहीत धरलेला आहे, पावसासारखा. तो येतो कुठून, हे विचारायचंच नाही. इथे माझं मन अडतं. १९९३ च्या मार्चआधी डिसेंबर-जानेवारीतल्या दंगली होत्या. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने स्फोटांचा आणि त्या दंगलींचा कार्यकारणसंबंध लेखी नोंदवलेला आहे. स्फोटांचा खटला चालला, शिक्षा झाल्या, फाशीही झाली. दंगलींच्या बाबतीत काय झालं ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी वापरलेल्या सहा मोठ्या उपायांचा गॅरी लाफ्री, लॉरा डूगन आणि रेव्हन कोर्टे या अभ्यासकांनी आकडे घेऊन हिशोब केला. सहांपैकी फक्त एकाच्या, बंडखोरांनी अडवलेल्या वस्त्या लष्कराने परत ताब्यात घेतल्या त्या १९७२ च्या ऑपरेशन मोटरमनच्या, बाबतीत हल्ले कमी झाल्याचं दिसलं. काही उपायांनंतर तर ते वाढलेच. ऑगस्ट १९७१ मध्ये पहाटे घरांतून माणसं उचलून विनाखटला डांबायला सुरुवात झाली, त्यात कितीतरी जणांचा कशाशीच संबंध नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटली की साप निसटतो, हे आजीला माहीत होतं. पुढचं मात्र अभ्यासकांनी दाखवलं : धोपटलेल्या भुईतून नवे साप निघतात.

२१ जुलै २०२५ च्या सकाळी मी ऑफिसात होते. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा आरोपींना निर्दोष सोडल्याची बातमी आली. खालच्या न्यायालयात पाच जणांना फाशीची, सात जणांना जन्मठेपेची शिक्षा झालेली होती. त्यांतला एक जण तर निकालाची वाट बघता बघता तुरुंगातच करोनाने गेला होता. सरकारी पक्षाला आरोप सिद्ध करता आले नाहीत, असं न्यायालय म्हणालं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. महिना संपायच्या आत मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने सोडले. एका बाजूचे लोक पहिल्या निकालावर चिडले, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडे पेढ्यांचे फोटो आले. आमच्या ऑफिसातली एक सहकारी मात्र काहीच बोलली नाही. तिचा भाऊ लोकल स्फोटांच्या संध्याकाळी फर्स्ट क्लासच्या डब्यात होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसली आणि म्हणाली, "म्हणजे एकोणीस वर्षं मी ज्यांना शिव्या घातल्या ते नव्हतेच का? मग आता कोणाला घालू?"

बेक्कारिया नावाच्या इटालियन माणसाने १७६४ मध्येच लिहून ठेवलंय की शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिची खात्री माणसाला जास्त रोखते. आपण कडकपणाच्या मागे लागलो. टाडा, मकोका, पोटा असे कडक कायदे, आणि त्यांच्या आधाराने पोलिसांपुढचे कबुलीजबाब. नेमका माणूस नेमक्या पुराव्याने पकडायचं कंटाळवाणं काम मागे राहिलं. आणि नेमका माणूस पकडला गेला नसेल, तर तो मोकळा आहे. एवढा साधा हिशोब चॅनेलवरच्या आरडाओरड्यात कोणी मांडला नाही.

राखणदार म्हटलं की आपल्याला बंदूक दिसते. फेल्सनच्या मनात तसं नव्हतं. त्याचा राखणदार म्हणजे शेजारीण, तिकीट तपासनीस, फाटकावरचा म्हातारा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीला त्या धातूच्या चौकटी होत्या. त्यांच्यातून एके-४७ गेल्या. लोक वाचवले ते विष्णू झेंडे या उद्घोषकाने. एरवी 'कृपया लक्ष द्या' म्हणणारा माणूस. त्याने खिडकीतून पाहिलं, माइक हातात घेतला आणि येणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिला, त्याच्या केबिनवर गोळ्या आल्या तरी. त्याच्या थोडं आधी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत रबरी बोटीतून उतरलेल्या अनोळखी पोरांना तिथल्या लोकांनी हटकलं होतं. आणि मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे लाठी घेऊन पुढे झाले आणि त्यांनी बंदुकीची नळी हाताने धरून ठेवली. या तिन्ही ठिकाणी यंत्राने काही केलं नाही. आपली जागा ओळखीची असलेला, तिथे काय बिनसलंय हे चटकन कळणारा माणूस होता.

असा माणूस तयार करता येतो का? भिवंडीत केला होता. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेलं गाव. तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दर वस्तीत हिंदू-मुसलमान दोघांची माणसं, सोबत ठाण्यातला पोलिस, नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं तिथे बोललं जायचं. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली आणि भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना धाकधूक होती ती, शांत राहिली. दंगल वेगळी, दहशतवाद वेगळा, हे मान्य. पण ज्या गल्लीत हवालदाराला नावाने हाक मारतात, त्या गल्लीत नव्याने भाड्याने आलेल्या, दिवसभर दार न उघडणाऱ्या माणसांबद्दल कोणीतरी कुणाला तरी सांगतं. जिथे हवालदार फक्त पहाटे दार वाजवायला येतो, तिथे कोणी सांगत नाही.

आमच्या मजल्यावर एक हवालदार राहतात. २०१६ मध्ये देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका पोलिस कर्मचाऱ्यानेच मांडलेल्या प्रस्तावावरून. तेव्हा त्यांच्या बायकोने आम्हाला शिरा दिला होता. त्यांच्याशी परवा गॅलरीत उभ्या उभ्या हा त्रिकोण बोलले. त्यांनी गंभीरपणे ऐकलं. म्हणाले, "ताई, बरोबर आहे ते. पण आमच्या हद्दीत कोपऱ्यावर एक पानवाला आहे. काही वेगळं दिसलं की मला फोन करतो. पोलिस ठाण्यात नाही करत, माझ्या मोबाइलवर करतो. चार वर्षं लागली मला त्याच्याशी एवढं जमवायला. आता माझी बदली ड्यू आहे. माझ्यामागून तो कोणाला फोन करणार?" मी विचारलं, नवीन माणसाशी ओळख करून देऊन जाता येणार नाही का. ते म्हणाले, नवीन माणूस कोण ते आदल्या दिवशी कळतं, आणि पानवाल्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. मग त्यांनी घड्याळ बघितलं, बंदोबस्ताला निघायचं होतं. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात.